देवीचा उजवा

"सखूला तू सांगायचंस, मालन. पत्रानं नाही, फोनवर नाही. समोर बसून सांगायचंस. आणि माझं वर्षश्राद्ध व्हायच्या आत."

वर्ष होत आलं तरी सुभेदारांचा हा आवाज मालनकाकींच्या कानातून गेला नव्हता. आजारपणात माणसाचा आवाज विझत जातो. पण जाण्याच्या आदल्या दुपारी आत्माराम सुभेदार बोलले ते परेडच्या मैदानावर बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून. काकींनी देवघरातल्या समईकडे बघून "हो" म्हटलं होतं. नुसतं नवऱ्याला दिलेलं हो एक वेळ मागं पडलं असतं, दिव्यासमोर दिलेलं कसं पडावं?

आज भाद्रपद वद्य नवमी. वर्षश्राद्ध द्वादशीला होतं. मुलगा निलेश मुंबईहून एकादशीला येणार होता, भटजींना सांगून झालं होतं. आणि सखू अजून तिकडे राजापूरच्या अलीकडच्या गावात भावाच्या घरी बसलेली होती, काही न कळता, चोपन्न वर्षं बसली होती तशीच.

जायला वेळ नव्हता असं नाही. काकींचा नेम आड येत होता. आषाढी एकादशीला त्यांनी देवासमोर पाणी सोडलं होतं की चातुर्मासात रत्नागिरी शहराची हद्द ओलांडायची नाही. पहाटेची पूजा, पोथीचा एक अध्याय, दुपारी एकदाच जेवण, हे तर बारा महिने चालूच असायचं. हद्दीचा नेम मात्र याच वर्षीचा. शेजारची योगिनी तेव्हाच म्हणाली होती, "काकी, दरवर्षी वांगी नि कांदा सोडता, यंदा एकदम एसटीच सोडलीत?" काकी हसल्या होत्या. पण नेम धरताना आपण नक्की काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. देवाच्या पदराआड लपायला जागा मिळाली होती आणि त्या लपल्या होत्या.

सांगायचं होतं ते असं.

सुभेदारांचं मूळ गाव लांज्याच्या आतल्या अंगाला. गावची देवी वाघजाई. मूर्ती नाही, कमरेएवढी काळी शिळा. गावात कुणाला काही ठरवता आलं नाही की देवीला कौल लावायचा. गुरव शिळेच्या दोन्ही अंगांना तांदळाचा एकेक ओला दाणा चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजव्या अंगाचा दाणा आधी पडला तर होय, डाव्या अंगाचा पडला तर नाही. यात खोच एवढीच की उजवा तो देवीचा उजवा. आपण तिच्यासमोर उभे असतो, म्हणून तो आपल्या डाव्या हाताला येतो. गुरवाला हे माहीत असतं, पुढं बसणाऱ्या म्हाताऱ्यांना माहीत असतं. मागच्या गर्दीत उभ्या असलेल्या पोरांना फक्त गुरवाची आरोळी ऐकू येते, "उजवा दिलान!"

आत्माराम अशाच गर्दीतून अठराव्या वर्षी फौजेत गेले.

एकाहत्तरच्या लढाईत ते नाईक होते, वय पंचवीस. पश्चिमेच्या सीमेवर एका कालव्याच्या बांधावर त्यांची लहानशी चौकी होती. पहिल्या माऱ्यातच साहेब गेले, हवालदार बेशुद्ध पडला, वायरलेस मुका झाला. उरले अकरा जण आणि त्यांच्यावर नाईक आत्माराम. अंधार असेपर्यंत मागं सरकायचं की बांध धरून राहायचं? हुकूम द्यायला वर कुणी नव्हतं.

"अकरा जण माझ्या तोंडाकडे बघत होते," सुभेदार त्या शेवटच्या दुपारी म्हणाले होते. "पुस्तकात लिहितात, सेनापतीनं परिस्थितीचा अंदाज घेतला. माझ्याकडे अंदाज घ्यायलाच काही नव्हतं गो."

मग त्यांनी बांधावरचा एक दगड उभा केला. शिध्यातले दोन दाणे जिभेवर ओले करून दोन बाजूंना लावले आणि मनात गाऱ्हाणं घातलं. आई, उजवा दिलास तर थांबतो, डावा दिलास तर माणसं घेऊन मागं जातो. दाणा पडला तो त्यांच्या उजव्या हाताचा.

शेजारी त्यांच्याच वाडीतला बाबू होता, सखूचा नवरा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बाबूचा आजा देवळात पुढं बसणाऱ्यांतला. बाबूनं हळूच विचारलं, "देवीचा उजवा का आपला, नाईक?"

"आपला," आत्माराम म्हणाले. "चल, जागेवर."

ते थांबले. उजाडल्यावर पुढून आलेली शत्रूची तुकडी त्या बांधाशी तीन तास अडकली. इथं पुरी कंपनी आहे असं तिला वाटलं. तेवढ्यात मागची पलटण वळून जागेवर आली आणि त्या भागातली लढाई फिरली. नाईक आत्मारामांना पदक मिळालं. चार जण गेले. कालव्यावरच्या पुलाच्या मोरीपाशी मशीनगनवर होता तो बाबू त्यांतला पहिला.

सुट्टीवर आल्यावर आत्माराम नारळ घेऊन देवळात गेले. तिथं कुणाचा तरी कौल चालला होता. गर्दी नव्हती, म्हणून ते पहिल्यांदाच अगदी पुढं उभे राहिले. गुरव ओरडला, "उजवा दिलान!" आणि दाणा पडलेला होता आत्मारामांच्या डाव्या हाताला.

"नारळ तिथंच ठेवला नि बाहेर आलो," सुभेदार म्हणाले होते. "बाबूनं विचारलं तेव्हा मला माहीत नव्हतं, मालन. पण माहीत नाही हे अकरा जणांसमोर म्हणता येत नाही. आणि हुकूम एकदा तोंडातून गेला की गेला."

सखूची गोष्ट निराळीच. बाबू गाडीत बसला त्या आठवड्यात तिनंही वाघजाईला कौल लावला होता, परत येईल का म्हणून. देवीनं उजवा दिला. बाबू आला नाही. तेव्हापासून सखूनं देवळाची पायरी चढलेली नाही. सासरचं गाव सोडून माहेरी गेली, काजूच्या कारखान्यात बिया सोलून हात काळे केले, पण कुठल्याच देवाला हात जोडले नाहीत. "तुमची देवी खोटारडी," एवढं ती एकदाच म्हणाली होती. सुभेदार दर मे महिन्यात तिला आंब्याची पेटी पाठवत. स्वतः मात्र कधी गेले नाहीत.

देवी खोटं बोलली नव्हती. तिनं बांधावरसुद्धा सांगितलं होतं, मागं जा. ते ऐकलं असतं तर बाबू परत आला असता. हे सखूला कळायला हवं होतं. पण ते कळलं की दुसरंही कळणार. बाबूनं विचारलं होतं, आणि ह्यांनी त्याला जागेवर पाठवलं. देवीवरचा डाग पुसायचा तर तो नवऱ्याच्या नावावर येत होता. म्हणून मालनकाकी वर्षभर घरात बसून होत्या.

घरात बसून मात्र चैन नव्हतं.

बांधावरचा तो दगड सुभेदारांनी ट्रंकेत घालून आणला होता. वीतभर उंचीचा, करडा, एका अंगानं सपाट. मागच्या दारी तुळशीजवळ तो पन्नास वर्षं नुसता उभा होता. त्यांनी त्याला कधी फूल वाहू दिलं नव्हतं. ते गेल्यावर काकी रोज तुळशीला पाणी घालताना थोडं त्याच्यावरही घालू लागल्या. श्रावणातल्या एका सकाळी त्यांना दिसलं, दगडाच्या दोन्ही अंगांना तांदळाचा एकेक दाणा चिकटलेला आहे.

त्यांनी लावला नव्हता. मागच्या दारी दुसरं कुणी येत नव्हतं. पाखरांनी टाकला म्हणावं तर दाणे समोरासमोर, एका उंचीवर. पोथी होईपर्यंत एक पडला. काकींच्या उजव्या हाताचा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांनी मन घट्ट करून दगड फिरवून ठेवला, पुढची बाजू भिंतीकडे. दुसऱ्या सकाळी दाणे होते, पण पडला तो आता त्यांच्या डाव्या हाताचा. म्हणजे दगडाचं अंग तेच. दगडाला तोंड होतं, आणि आता ते भिंतीकडे होतं. काकींनी घाईघाईनं त्याला पहिल्यासारखं करून ठेवलं आणि "चुकले" म्हणून कान धरले. कुणाची क्षमा मागतोय हे त्यांना नीट उमगलं नाही.

नवमीच्या दुपारी चारच्या सुमाराला अजिंक्य सर आले. ते कॉलेजात इतिहास शिकवतात. कोकणातल्या फौजींवर त्यांचं पुस्तक छापायला निघालं होतं, रविवारी नाट्यगृहात प्रकाशन होतं, आणि कव्हरवर नाईक आत्मारामांचा तरुणपणीचा फोटो होता.

"काकू, उद्या संध्याकाळी शेवटची पानं छापखान्यात जाणार," बूट काढता काढता ते म्हणाले. "एकदा नजरेखालून घाला. नाहीतर निलेश म्हणायचा, आमच्या बापाचं नाव चुकवलं."

"चहा घेता ना? माझा एकवेळ आहे, पण तुमचा नाही."

"तुमच्या नेमाचं पुण्य मला चहातून मिळत असेल तर दोन कप घेतो."

चहा पिता पिता सरांनी वाचून दाखवलं. लढाया, वळणं, नेतृत्व. मोठी माणसं, मोठे नकाशे, आणि त्यात मधेच तो कालवा. "इतिहासातल्या निर्णायक वळणांवर बहुधा एखादा एकटा माणूस उभा असतो," सर वाचत होते. "नाईक आत्माराम यांच्या मनात त्या क्षणी तिळमात्र शंका नव्हती."

काकींनी सरांची रिकामी बशी उचलून बाजूला ठेवली. "सर, हे मागं सरले असते तर?"

"पलटण वळायच्या आधीच कापली गेली असती. शे-सव्वाशे माणसं."

"म्हणजे ह्यांनी बरोबर केलं."

सरांनी चष्मा काढून पुसला. "निकाल बरोबर लागला, काकू. केलं ते बरोबर का, हे सांगणं अवघड. खरं सांगू? आम्ही इतिहासवाले निकाल आधी बघतो, मग त्याला शहाणपण चिकटवतो. हेच सुभेदार हरले असते तर मी लिहिलं असतं, अननुभवी नाईकानं हट्ट केला." मग ते स्वतःच हसले. "हे वर्गात नाही हं सांगत."

मग त्यांनी लॅपटॉप उघडला. दोन वर्षांपूर्वी याच पडवीत त्यांनी सुभेदारांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. "त्यातला थोडा भाग रविवारी ऐकवायचाय. फक्त एका ठिकाणी मागं कुणीतरी बोललंय. त्या दिवशी तुमच्याकडे पाहुणे होते का?"

"नाही. मी आत होते. तुम्ही दोघंच होतात."

"मलाही तसंच आठवतं. ऐका."

पंख्याची घरघर आली. लांब कुठं कावळा. मग सुभेदारांचा आवाज, इतका जवळ की काकींनी पदर सावरला. "साहेब गेले. वायरलेस बंद. सगळे माझ्याकडे बघत होते. मी ठरवलं, थांबायचं."

कौलाचा शब्दही नाही. सरांना त्यांनी ते कधीच सांगितलं नव्हतं. नंतर नुसता पंखा. आणि त्या घरघरीत, माइकला तोंड लावल्यासारखा, एक कोवळा पुरुषी आवाज.

"देवीचा उजवा का आपला, नाईक?"

कपबशीचा खडखडाट झाला. सुभेदारांच्या हातची असणार.  मग त्यांचा आवाज. "चहा गार झाला. मालन! ही खुर्ची आत ने."

काकींना तो दिवस लख्ख आठवला. त्या बाहेर आल्या तेव्हा सर वहीत काही लिहीत होते आणि सुभेदार समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे टक लावून बसले होते. एवढ्या मोठ्या पडवीत एका खुर्चीची काय अडचण, असं त्या मनात म्हणाल्याही होत्या.

"गंमत म्हणजे नाईक कोण म्हणेल त्यांना?" सर म्हणाले. "सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस. आणि मला तिथं बसून ऐकूच आलं नव्हतं हे. उजवा म्हणजे काय, काकू? लष्करातलं काही?"

"असेल," काकी म्हणाल्या.

एवढा एकच शब्द, पण तो तोंडातून गेला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. रोज पहाटे ज्या तोंडानं नाम घ्यायचं त्याच तोंडानं त्या खोटं बोलल्या होत्या. हुकूम एकदा तोंडातून गेला की गेला, हे सुभेदार कुठल्या घशानं म्हणाले असतील, ते त्यांना तेव्हा कळलं.

"मी तो आवाज कापून टाकतो," सर म्हणाले. "बाबूंच्या पत्नी येणार आहेत रविवारी. सत्कार आहे त्यांचा. फोन केला तर त्यांनी एकच विचारलं, कार्यक्रमात देवीची पूजा हाय का? असली तर मी नाय येणार. विचित्रच बाई."

सखू रविवारी त्या नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसणार. तिळमात्र शंका नव्हती हे ऐकणार. मग व्यासपीठावर जाऊन शाल घेणार, ज्या माणसानं तिच्या बाबूला जागेवर पाठवलं त्याच्या फोटोखाली उभी राहून. आणि मालनकाकी शेजारच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणार.

"कापू नका," काकी म्हणाल्या.

"अं?"

"तो आवाज ठेवा. आणि ते वाक्य काढा. शंका नव्हती ते."

"मग काय घालू तिथं?"

"उद्या संध्याकाळी फोन करून सांगते. तुमच्याआधी मला दुसरीकडे सांगायचंय." त्या उठल्या, मग परत बसल्या. "आणि सर, मघाशी मी खोटं बोलले. उजवा म्हणजे काय ते मला माहीत आहे. तेही उद्याच सांगते."

सरांनी लॅपटॉप मिटला. इतिहास शिकवणारा माणूस, कुठं थांबायचं ते त्यांना कळत होतं. "उद्या पाचपर्यंत छापखाना थांबेल," एवढंच म्हणून ते निघाले. पायऱ्या उतरताना मात्र त्यांनी दोनदा मागं वळून पाहिलं, कुणी आपल्यामागून उतरतंय असं वाटल्यासारखं.

काकींनी फोन लावला. सखूची भाची दर्शना बोलली. "आत्या? हाय ना, बिया सुकत घालतेय. आत्या गो, रत्नागिरीवाल्या काकींचा फोन!"

बऱ्याच वेळानं सखूचा आवाज आला, चिरका नि सावध. "बोल गो मालनवैनी. सुभेदारांचं वर्षश्राद्ध ना? माझ्याच्यानं नाय व्हायचं यायला."

"तू नको येऊ. मी येतेय. उद्या सकाळी."

"तू? तुझा नेम हाय म्हणं, दर्शना सांगत होती. शेराबाहेर पाय नाय टाकायचा."

"मोडतेय."

 मग सखू म्हणाली, "मोडण्यासारखं काय झालं? हे बघ, देवाधर्माचं काय सांगायला येत असशील तर तिथंच बस. सत्काराला मी येतेय ती बाबूच्या नावासाठी."

"देवीचंच सांगायला येतेय, सखू. आणि बाबूभावोजींचं. समोर बसून सांगायला सांगितलंय मला."

"कोणी?"

"आल्यावर सांगते."

सखूनं फोन ठेवला नाही.  मग एकदम विचारलं, "वैनी, तुझ्याकडे कोण हाय आता?"

"कोणी नाही. मी एकटीच."

"मग मागं कोण बोलतंय?"

काकींनी पडवीत पाहिलं. चटया, दोन रिकामे कप, उन्हाचा उतरता पट्टा. कानांना काही ऐकू येत नव्हतं. "काय बोलतंय?" त्यांनी विचारलं.

सखूचा आवाज आता चोपन्न वर्षांपूर्वीच्या पोरीचा होता. "नाय कळत. पण आवाज वळखीचा हाय. तू ये वैनी. लवकरची गाडी धर."

दशमीला पहाटे मालनकाकींनी रोजच्यासारखी पूजा केली. अध्याय वाचला, एकही ओळ गाळली नाही. मग हातावर पाणी घेऊन देवापुढं बसल्या. नेम सोडताना काय म्हणायचं ते कुठल्या पोथीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "आई, मी तुझ्या आड लपले होते. आता बाहेर पडते. शिक्षा असेल ती मला दे, तिला नको." पाणी ताम्हनात सोडलं.

योगिनी दारात रांगोळी घालत होती. हातात पिशवी बघून तिनं तोंडावर हात नेला. "काकी? कुठं निघालात?"

"राजापूरकडे."

"अगोबाई! आणि चातुर्मास?"

"त्याचं मी बघते. तू दुपारी तेवढा देवाजवळचा दिवा बघ. मांजर शिरतं."

"एकट्या जाताय? मी येऊ का सोबत?"

काकींनी क्षणभर विचार केला. "नको गं," त्या म्हणाल्या. "आहे सोबत."

कातळावरचं गवत दवानं वाकलं होतं, त्यात पिवळी फुलं उमलली होती. रस्ता रिकामा होता. थांब्यावर उभ्या राहून त्या मनात पहिलं वाक्य जुळवत होत्या. ह्यांचा दोष नव्हता, असं सुरू करावं का? ते त्यांनी खोडलं. माफ कर म्हणावं? माफी त्यांची नव्हती, मागायची कशी. शेवटी त्यांनी ठरवलं, जसं घडलं तसंच सांगायचं. कालवा, बांध, अकरा जण, ओले दाणे. बाबूनं काय विचारलं आणि ह्यांनी काय उत्तर दिलं. त्यानंतर सखू जे बोलेल ते मान खाली न घालता ऐकायचं.

राजापूरची गाडी वळणावर दिसली. काकींनी हात केला. गाडी थांबली, दार उघडलं. "या मावशी, सावकाश," कंडक्टर म्हणाला.

मालनकाकींनी कासोटा आवरला, दांडीला धरलं आणि वर चढल्या.